गाडीचं आन्हिक

ट्रकचं पासिंग, म्हणजे आरटीओची तपासणी, तेव्हा वर्षातून एकदा आणि घाट मात्र खेपेगणिक तीन. त्यामुळे नुसत्या शिक्क्यावर विसंबून गाडी रस्त्यावर काढणारा मालक सांगलीच्या मार्केट यार्डात वेड्यातच निघाला असता. शिक्का नाक्यावर दाखवायला होता. गाडी धड आहे की नाही हे रोज पहाटे ठरायचं, आणि ते ठरवायची हत्यारं अगदी किरकोळ: एक टॉमी म्हणजे लोखंडी दांडा, बादलीभर पाणी, पुसायला मूठभर सुती वेस्ट आणि ड्रायव्हरचे कान.

आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, दोन गाड्या होत्या. एक टाटा 1210 आणि मागाहून घेतलेली लेलँड. टाटांच्या टेल्कोनं 1954 मध्ये जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी करार करून ट्रक काढायला सुरुवात केली, तो करार 1969 ला संपला, तरी यार्डातली जुनी माणसं पुढे कितीतरी वर्षं टाटाला ‘मर्सिडीज’च म्हणत राहिली. सांगलीहून हळद, गूळ, बेदाणा भरायचा, मुंबईला मशीद बंदरला उतरवायचा आणि येताना लोखंडी सामान नाहीतर मिळेल ते भाडं घ्यायचं. वाटेत खंबाटकी, मग कात्रज, मग बोरघाट.

लेलँडवर जे ड्रायव्हर होते त्यांना आम्ही घरातले सगळे मामा म्हणायचो. मामांचं पहाटेचं काम एका ठरलेल्या क्रमानं चाले आणि तो क्रम मोडला की ते पुन्हा पहिल्यापासून सुरू करत. देवपूजेत मध्येच कुणी बोललं तर आजी जशी चिडायची, तसे ते त्या वेळी हाक मारली की चिडत. आधी रेडिएटरचं पाणी. मग ऑइलची पट्टी बाहेर काढायची, वेस्टनं पुसायची, परत घालायची, परत काढायची आणि पट्टीवरचं ऑइल अंगठा आणि तर्जनीत चोळून बघायचं. कण लागले तर इंजिनात काहीतरी झिजतंय, दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय. फॅनचा पट्टा अंगठ्यानं दाबायचा. बॅटरीची बुचं उघडून आत डोकवायचं. त्यानंतर टॉमी हातात घेऊन गाडीला प्रदक्षिणा.

टायर ठोकून बघणं ही आज गंमत वाटण्यासारखी गोष्ट आहे, पण तिच्यात मोठी अक्कल होती. ट्रकच्या मागच्या बाजूला एका अंगाला दोन चाकं जोडीनं असतात. आतलं चाक बसलं तर बघून कळत नाही, कारण बाहेरचं त्याला झाकतं आणि त्याचा भारही उचलतं. मग दोघांचं ओझं ओढणारा बाहेरचा टायर तापत जातो आणि भर दुपारी कुठेतरी माळावर फुटतो. टॉमी मारली की हवेनं भरलेला टायर टणत्कार करून टॉमी परत फेकतो, हवा कमी असलेला ‘भद्द’ म्हणतो. मामा आतल्या टायरलाही टॉमी तिरकी घालून मारत. दोन टायरांच्या फटीत अडकलेला दगड त्याच टॉमीनं काढत, कारण तो दगड वेगात सुटला तर मागून येणाऱ्या स्कूटरवाल्याचं कपाळ फोडतो. चाकाच्या नटाच्या बुडाशी गंजाची लाल रेघ ओघळलेली दिसली तर तो नट ढिला झालेला असणार, हे मला त्यांनीच दाखवलं. मग वाकून स्प्रिंगच्या पाट्यांखालून हात फिरवायचा. मेन पाट्याला गेलेली चीर डोळ्याला दिसायच्या आधी बोटाला लागते. शेवटी लेलँडच्या हवेच्या टाकीचा कॉक उघडायचा. ब्रेक हवेवर चालणार आणि हवेत दमटपणा आलाच, म्हणजे टाकीत रात्रीतून पाणी साठणार. ते फुस्स करून तेलकट पाणी बाहेर पडलं की मामा कॉक बंद करून हात पुसत आणि चहाकडे वळत.

घाटमाथ्यावर आणखी एक काम असायचं. ब्रेक टाईट करायचे म्हणजे गोणपाट अंथरून गाडीखाली शिरायचं आणि प्रत्येक चाकाशी असलेला ॲडजस्टर पान्यानं फिरवायचा. लायनर झिजत जातं तसा ब्रेक लागायला उशीर होतो, तो उशीर हातानं काढायचा. क्लीनर तोवर चाकामागे लाकडी ठोकळा धरून बसलेला. आता हे ॲडजस्टर आपोआप जुळतात आणि ठोकळा घेऊन पळणारा क्लीनरही बहुतेक गाड्यांवरून गेलाच. त्या पोरांचे हाल आठवले तर तो गेला हे बरंच झालं असं मला वाटतं. मात्र तोच पुढचा ड्रायव्हर असायचा आणि चार-पाच वर्षं गाडीखाली लोळून मगच स्टिअरिंगवर बसायचा. आज स्टिअरिंगवर बसणाऱ्या पोराला चाकाच्या आत काय असतं ते बघायची वेळच येत नाही.

आता वहीकडे येतो. लाल कापडी पाठीची लांबट वही आप्पांच्या गादीशेजारी असे. तारीख, निघतानाचा आणि आल्यावरचा किलोमीटरचा आकडा, डिझेल किती आणि कुठे भरलं, जकात, वाटखर्च, पंक्चर, हमाली. टायरांची नोंद वेगळ्या पानावर. कोणत्या नंबरचा टायर कधी घेतला, कोणत्या चाकाला होता, कधी रिमोल्ड केला. गाडी आली की मामा ओट्यावर बसून तोंडी हिशोब देत आणि आप्पा लिहून घेत. कायद्यानं ही वही कुणी मागितली नव्हती आणि कुणा साहेबानं ती कधी उघडलीही नाही. साहेबांसाठी वेगळी रेक्झिनची पिशवी होती, तिच्यात आरसी बुक, परमिट, विमा, टॅक्सची पावती, पासिंगचं सर्टिफिकेट. वहीतल्या गाडीचे ब्रेक लवकर झिजायचे आणि डावा पाटा नेहमी तुटायचा. पिशवीतली गाडी वर्षानुवर्षं ठणठणीत होती.

ती ठणठणीत कशी राहायची हेही सांगून टाकतो, कारण जुन्या काळाचं कौतुक करताना हे सगळे विसरतात. पासिंगच्या आधी गाडीला रंगाचा हात फिरे. वायपर शेजारच्या गाडीचे. चांगली स्टेपनी यार्डात एकच होती, आणि ती किती ट्रकांबरोबर पास झाली याची मोजदाद नाही. एजंट पुढे, आम्ही मागे. आज तपासणी केंद्रं हळूहळू यंत्रावर जाऊ लागली आहेत. रोलरवर चाकं फिरवतात आणि कोणत्या चाकाचा ब्रेक किती जोरात लागतो ते मोजतात. तिथे शेजाऱ्याची स्टेपनी उपयोगाची नाही. 2018 मध्ये नियम बदलून आठ वर्षांपर्यंतच्या गाडीला दोन वर्षांचं पासिंग मिळू लागलं, त्यावर यार्डात आनंद झाला. मला तो आनंद कळला, पण मधली दोन वर्षं मग कोण बघणार, हा प्रश्न पूर्वीइतकाच ताजा राहिला.

वही नुसती हिशोबाची नव्हती हे मला एका प्रसंगानं समजलं. टाटावर नवा ड्रायव्हर आला होता. पहिल्याच दोन-तीन खेपांत त्यानं डिझेल इतकं वाचवलं की मी खूश झालो. आप्पांनी आकडे बघितले, चष्मा काढला आणि त्याला बोलावून विचारलं, “घाट बंद गाडीनं उतरतोस काय रं?” पोरगं खाली बघायला लागलं. चढावर डिझेल वाचवता येत नाही, सपाटीवर थोडंफार येतं. एवढं वाचलं म्हणजे उतारावर गिअर काढलेला असणार. गिअर काढला की इंजिनाची ओढ जाते, सगळा भार ब्रेकवर येतो, ड्रम तापून लाल होतात आणि मग ब्रेक दाबूनही गाडी थांबत नाही. वर इंजिन बंद केलं असेल तर हवेच्या ब्रेकच्या गाडीत टाकी भरणारा कॉम्प्रेसरही बंद, प्रत्येक वेळी पाय दाबला की हवा कमी होत जाणार. ज्या गिअरनं घाट चढलास त्याच गिअरनं उतर, ही ड्रायव्हरांची जुनी शिकवण आहे. आप्पांनी त्याला त्या खेपेचा भत्ता पूर्ण दिला आणि पुढच्या खेपेला मामांच्या शेजारी बसवून पाठवलं.

ही खोड गेलेली नाही. कात्रजच्या नव्या बोगद्यातून पुण्याकडे, नवले पुलापर्यंत, लांबलचक उतार आहे. 2022 च्या नोव्हेंबरात तिथे एका ट्रकनं बऱ्याच गाड्या ठोकरल्या, आणि उतारावर इंजिन बंद केल्याचं बोललं गेलं. अशा गाडीची सकाळची तपासणी कितीही नीट झालेली असू दे, उतारावर त्या तपासणीचा उपयोग नसतो.

कागदाची खरी शिस्त बघायची तर ती एसटीच्या डेपोत होती. 1 जून 1948 ला पुणे-नगर मार्गावर पहिली गाडी धावली आणि सरकारी खाक्यामुळे म्हणा, पहिल्यापासून प्रत्येक गाडीमागे कागद आला. ड्रायव्हरच्या हातात लॉगशीट. त्यावर किलोमीटर, डिझेल आणि गाडीची तक्रार. “ब्रेक डावीकडे ओढतो” असं संध्याकाळी एकानं लिहिलं की रात्री मेकॅनिकनं काय केलं ते त्याच्यापुढे यायचं, आणि सकाळी दुसरा ड्रायव्हर दोन्ही वाचून गाडी काढायचा. ठरावीक किलोमीटर झाले की गाडी डॉकिंगला, म्हणजे सगळी उघडून तपासायला. दहा लिटरला किती किलोमीटर हा आकडा तर ड्रायव्हरच्या इभ्रतीचा विषय. आमच्या यार्डातल्या मालकांना या कागदाचं हसू यायचं, पण एसटीतला ड्रायव्हर “ही गाडी मी नेत नाही, लिहून देतो” असं म्हणू शकत होता, आणि यार्डातला म्हणू शकत नव्हता. गावात मुक्कामाला असलेल्या गाडीला मात्र ना डेपो, ना मेकॅनिक. तिथे एसटीचा ड्रायव्हरसुद्धा थंडीत मफलर गुंडाळून, बॅटरीच्या उजेडात पाणी-ऑइल बघत आणि टायर ठोकत फिरायचा. पहिल्या गाडीनं तालुक्याला कॉलेजात जाणारी आमच्या पिढीतली मुलं या आवाजानं जागी झालेली आहेत.

हल्ली मी पुतण्याच्या ऑफिसात जाऊन बसतो. त्याच्या गाड्या आप्पांपेक्षा बऱ्याच जास्त, बारा आणि चौदा चाकी. भिंतीवर मोठा पडदा आहे, त्यावर महाराष्ट्र आणि त्यात हिरवे-लाल ठिपके. गाडी कुठे उभी आहे, किती वेळ उभी आहे, टाकीत डिझेल किती, सगळं बसल्या जागी. टोल फास्टॅगमधून आपोआप कापला जातो, त्याची नोंद मोबाइलवर. जकात नाका 2017 ला जीएसटी आल्यावर उरलासुरलाही गेला, पुढच्या वर्षी मालाबरोबर ई-वे बिल आलं. रेक्झिनची पिशवी 2018 पासून मोबाइलमध्ये गेली, डिजिलॉकरमधला कागद अस्सल मानायचा असं सरकारनंच सांगितलं. ट्रकच्या पाठीवरचं ‘हॉर्न ओके प्लीज’ महाराष्ट्रात 2015 ला बंद झालं, त्याचं मात्र मला वाईट वाटलं. का, ते सांगता येणार नाही.

सकाळची तपासणी आता ॲपमध्ये आहे. गाडी काढण्याआधी ड्रायव्हरनं यादीतल्या एकेका गोष्टीसमोर खूण करायची आणि टायरांचे फोटो टाकायचे. पुतण्यानं मला कौतुकानं फोटो दाखवले. मी जरा निरखून बघितले तर तीन फोटोंत टायरच्या कडेला तोच खरचटल्याचा डाग. ड्रायव्हरनं एकाच चाकापुढे उभं राहून कोन बदलत फोटो काढले होते. बाकी चाकं चिखलाच्या बाजूला होती. आतल्या टायराचा फोटो तर निघतच नाही. यादीतल्या सगळ्या खुणा हिरव्या, आणि त्या किती वेळात केल्या ते ॲपच सांगत होतं. इतक्या वेळात मामांची ऑइलची पट्टी पुसून झाली नसती.

हा रोग आपल्यापुरता नाही. अमेरिकेत ट्रकड्रायव्हरनं रोज गाडी तपासून लेखी अहवाल द्यायचा असा जुना नियम आहे. बहुतेक अहवाल “दोष नाही” एवढंच सांगणारे असायचे. म्हणून मालवाहू गाड्यांसाठी 2014 च्या डिसेंबरपासून दोष नसेल तर अहवाल लिहायची सक्तीच काढून टाकली. ब्रिटनमध्ये उलट, दोष नसला तरी तसं लिहून द्यायची पद्धत चांगली मानतात. अमेरिकेतले ड्रायव्हर कामाच्या तासांच्या कागदी लॉगबुकाला चेष्टेनं ‘कॉमिक बुक’ म्हणत. 2017 च्या डिसेंबरात बहुतेक गाड्यांना इंजिनाला जोडलेलं यंत्र सक्तीचं झालं आणि पेन्सिलीनं लिहिलेल्या गोष्टी बंद झाल्या.

तासांचा विषय निघाला म्हणून सांगतो. आप्पांच्या वहीत सगळे रकाने होते, झोपेचा नव्हता. मोटार वाहतूक कामगारांचा कायदा 1961 चा होता, दिवसाला आठ तास काम असं तो सांगायचा. पण तो पाच किंवा जास्त कामगार असलेल्या धंद्याला लागू, आणि यार्डातल्या निम्म्या मालकांकडे एक-दोन गाड्या. मामा मुंबईहून निघून रात्रभर चालवत सांगलीला येत, दुपारी माल भरला की संध्याकाळी परत. डोळे लाल असायचे. त्याला आम्ही जागरण म्हणायचो, धोका म्हणायचो नाही. पुतण्याच्या पडद्यावर गाडी सलग किती तास चालली ते दिसतं आणि मर्यादा ओलांडली की तो फोन करून गाडी बाजूला घ्यायला लावतो. भाडं चुकतं तेव्हाही. आप्पांनी असं केलं नसतं. 2025 पासून नव्या ट्रकला एसी केबिन सक्तीची झाली, त्यावर यार्डातली म्हातारी माणसं हसली. बोरघाटात मे महिन्यात इंजिनावर बसून चालवलेली माणसं आहेत ती, त्यांचं हसणं समजू शकतो. पण मला मामांच्या पाठीवर उठलेलं घामोळं आठवतं.

आणि न्यूट्रलचं, म्हणजे उतारावर गिअर काढण्याचं. आप्पांना जे आकडे जोडून ओळखावं लागलं, ते आता यंत्र सरळ दाखवतं. अमुक गाडी अमुक उतारावर इतकी मिनिटं गिअर काढून चालली, असा लाल इशारा येतो. इथे मी वहीची बाजू घेऊ शकत नाही. वही खेप संपल्यावर सांगायची, यंत्र गाडी घाटात असताना सांगतं. फक्त एक झालंय. इशारे दिवसभर येतात. ब्रेक जोरात दाबला, गाडी जास्त वेळ उभी राहिली, डिझेल अचानक कमी झालं, पट्टा लावला नाही. पुतण्यानं पहिल्या महिन्यात सगळे वाचले, दुसऱ्या महिन्यात फोनचा आवाज बंद केला. शेवटी मीच त्याला म्हणालो, बाकी सगळं सोड, रोज रात्री एवढा उतारांचा कागद बघत जा. आता तो बघतो. आठवड्यातून एखाद्या पोराला बोलावून विचारतोही, आप्पांच्याच सुरात, हे त्याच्या लक्षात नसावं.

वहीबद्दल एक गोष्ट मला फार उशिरा सुचली. ती सगळी आप्पांच्या अक्षरात आहे. मामांना लिहिता येत नव्हतं, ते बोलत आणि आप्पा लिहीत. म्हणजे काय लिहायचं ते आप्पा ठरवत. मी परवा ती वही पुन्हा चाळली. मामा वर्षभर स्टिअरिंगच्या ढिलेपणाबद्दल तक्रार करत होते, हे मला ओट्यावरच्या बोलण्यातून चांगलं आठवतं. आप्पांचं उत्तरही आठवतं, “बघू पुढच्या खेपेला.” वहीत त्या वर्षी स्टिअरिंग हा शब्द एकदाच आहे, ते काम केलं आणि पैसे दिले त्या दिवशी. मधल्या काळात काही झालं असतं, तर गाडीत दोष होता असं दाखवणारा चिठोरासुद्धा मामांच्या हातात नव्हता. आजच्या ड्रायव्हरकडे तारखेसकट फोटो असतो. पुतण्याच्या एका ड्रायव्हरनं गुळगुळीत झालेल्या टायरचा फोटो लागोपाठ टाकला आणि चौथ्या दिवशी “मालक, फोटो गेलेत बरं का” एवढंच फोनवर म्हणाला. त्याच संध्याकाळी नवा टायर बसला. मामांनी असं म्हणायला काय दिलं नसतं!

हे मी पुतण्याला सांगितलं तेव्हा तो काही बोलला नाही. पण पुढच्या आठवड्यात त्यानं ड्रायव्हरांना सांगितलं की यादीतल्या खुणा करायच्या त्या करा, पण गाडीला प्रदक्षिणा घालताना जे वाटेल ते मोबाइलवर बोलून पाठवा, आपल्या भाषेत, कितीही लांब. लिहायची गरज नाही. आता रोज सकाळी त्याच्याकडे तसले आवाज येतात. कुणी टायर ठोकून त्याचा आवाजच पाठवतो. परवा एकानं कळवलं, “मालक, ब्रेक ब्येस हाय, पाटा ब्येस हाय, पण सीटचा फोम पार गेलाय, माझी पाठ मोडली.” पुतण्यानं सीट बदलायला टाकली आणि बिल माझ्यापुढे धरून विचारलं, “काका, आजोबांनी हे वहीत लिहिलं असतं?”

“नसतं,” मी म्हणालो. “आणि बिल जरा जास्तच लावलंय त्यानं.”